घड्याळजींच्या शेजारची जागा

थोरल्याने पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर मिठाची बाटली ठेवली. खिडक्या सगळ्या बंद होत्या, वाऱ्याचा मागमूस नव्हता. पण त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर पंखे गरगरत असायचे आणि कागद दिसला की त्यावर वजन ठेवायचं ही सवय त्याच्यासोबत विमानात बसून इथवर आली होती.

"रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही, एवढंच आपल्या चर्चच्या पंचांना हवंय," तो म्हणाला. "मी स्वतः इथं येतोय म्हणून ते थांबले. मंगळवारी आमचं विमान. तुझं उत्तर खिशात घेऊनच मी त्यात बसणार."

"वाचलं मी पत्र, दादा. दोनदा वाचलं," धाकटा म्हणाला.

"मग तिसऱ्यांदा वाच. बाबांनी एकतीस वर्षं जिथं उपदेश केला त्या चर्चला आज पाळक नाही. त्यांच्यामागून आलेल्या पाळकांची बदली झाली. शेजारच्या गावचे पाळक रविवारआड येतात, घाईघाईनं आशीर्वाद देतात आणि बस पकडायला पळतात. आणि आमचे पाळकसाहेब इथं परमुलखात किती जणांपुढं उभे राहतात? सहा! अरे, सहा माणसं तर आपल्याकडे उपासना संपल्यावर गप्पा मारत फाटकात अडकलेली असतात."

"आलो तेव्हा एकोणीस होती."

"मग उरलेली तेरा गेली कुठं?"

"कुठं जाणार, घरीच आहेत. रस्त्यात भेटतात, टोपी काढतात, हवापाण्याचं बोलतात. येत मात्र नाहीत."

आई टेबलाच्या टोकाला मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण शेंग फोडायचा आवाज थांबला.

"तू काही बिघडवलंस का?" थोरल्याने विचारलं.

"मी काय बिघडवणार? बाक जवळ घेतले, एवढंच."

ती गोष्ट त्यानं मग पुन्हा सांगितली, आईसाठी. दीडशे माणसांचं चर्च, आणि एकोणीस माणसं अशी बसायची, जशी भाऊबंदकीत वाटणी झालेली भावंडं. एक खांबाशी, एक खिडकीशी, एक पार मागं. मध्ये रिकाम्या बाकांचं माळरान. आठ महिने त्यानं ते पाहिलं आणि मग त्याच्यातले बाबा जागे झाले. बाबा उपासना सुरू करायच्या आधी दोन्ही हात हलवून म्हणायचे, "पुढे सरका, सरका, अजून एक माणूस मावतो!" आणि माणसं खरंच सरकायची, लेकरं मांडीवर घ्यायची, परक्याला मध्ये घ्यायची. धाकट्यानं तेच केलं. सहा बाक पुढं ओढून एकमेकांजवळ लावले, बाकीचे मागच्या भिंतीशी एकावर एक रचले. पुढच्या रविवारी माणसं आली, क्षणभर दारात थांबली आणि निमूटपणे जवळजवळ बसली. कुणी ब्र काढला नाही. मग एकेक करून यायची बंद झाली.

"हात दाखवून अवलक्षण," थोरला म्हणाला. "पण तुझी चूक नाही. माणसंच थंड आहेत ही. चल घरी. पाळकीणबाई, तुम्ही का गप्प? तुमचं मत सांगा की."

थोरला आपल्या भावजयीला चिडवायला अहो-जाहो करायचा. एरवी ती हसायची. आज तिनं चहाची किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मला घरी जायचंय."

धाकट्यानं तिच्याकडं पाहिलं. दीड वर्षात हे तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

सुनेला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. गावी ती चौथीच्या वर्गाला गणित शिकवत होती. इथं ती दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते, दिवसाला तीनेकशे. समोरच्या बाईनं दोन टोकं धरायची, हिनं दोन, झटकायचं, एकमेकींकडं चालत यायचं, टोकाला टोक लावायचं. दिवसातून तीनशे वेळा ती एका बाईच्या इतकी जवळ जाते आणि तिला त्या बाईची मुलं किती तेही माहीत नाही. त्याचंही तिला काही नव्हतं. सेवा म्हणून आलो, काम म्हणून करतो. तिला लागलं होतं ते दुसरंच, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी ती घड्याळजींच्या शेजारी जाऊन बसली होती. घड्याळजी हे नाव तिनंच ठेवलेलं. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आता बंद, पण काचेमागं तीन घड्याळं अजून चालू असतात आणि तिन्ही एकच वेळ दाखवतात. ऐंशीच्या घरातला माणूस, एवढ्या लांब बाकावर एकटा बसलेला. माहेरी काय, सासरी काय, कुणी एकटं दिसलं की आपण सरकून जवळ जायचं, एवढंच तिला माहीत. ती हसली आणि त्यांच्या शेजारी बसली.

घड्याळजी उठले. एक शब्द बोलले नाहीत. भिंतीला पाठ टेकून सबंध पाऊण तास उभे राहिले.

घरी आल्यावर तिनं न्हाणीघरात नळ सोडला आणि रडून घेतलं. माझ्या शेजारी बसणं नको, इतकं? नवरा बाहेर शीळ घालत होता. पहिला उपदेश परक्या भाषेत न अडखळता पार पडला म्हणून तो इतका खूश होता की तिला सांगवेना. मग सांगायचं राहूनच गेलं.

"झालं!" थोरल्यानं टेबलावर हात आपटला. "दोन मतं. आई, तुझं?"

आईनं सोललेले दाणे वाटीत ओतले. "मला विचाराल तर दोघं घरी हवीत. बाबांना जाऊन अकरा महिने झाले, घर खायला उठतं." मग तिनं धाकट्याकडं पाहिलं आणि पुढचं बोलायचं टाळलं. तिच्या पिशवीत नवऱ्याचं गीतांचं पुस्तक होतं, काळ्या कापडी वेष्टनातलं. धाकटा बापाच्या मातीला पोहोचू शकला नव्हता, तिसऱ्या दिवशी आला होता. पुस्तक त्याच्यासाठीच आणलेलं. पण ते हातात देणं म्हणजे 'चल, बापाच्या जागी उभा राहा' असं सांगणं, आणि दोन आठवडे झाले तरी तिचा हात पिशवीत जात नव्हता.

"तीन विरुद्ध एक," थोरला म्हणाला.

 धाकट्यानं मिठाची बाटली उचलली आणि पत्र तिसऱ्यांदा वाचायला घेतलं.

*

शनिवारी सकाळी आईनं खुंटीवरची चर्चची किल्ली घेतली, एक फडकं आणि एक वेताची टोपली घेतली आणि अंगण ओलांडलं. जन्म पाळकीण म्हणून गेला. चर्चला ती देऊळच म्हणायची, आणि शनिवारी ते झाडल्याशिवाय तिला रविवार आल्यासारखा वाटत नसे. मग ते देऊळ कुठल्याही मुलखातलं का असेना.

पुढचे सहा बाक पुसून झाले. मग ती मागच्या भिंतीशी रचलेल्या बाकांकडं वळली. प्रत्येक बाकाच्या पाठीला मागच्या माणसासाठी पुस्तकं ठेवायची अरुंद फळी होती. फळ्यांवर धूळ आणि धुळीत वस्तू. एक चष्म्याचं घर, आत चष्म्यासकट. एकाच हाताचा विणलेला लोकरी हातमोजा. एक तपकिरी टोपी. निळ्या फितीची खूण घातलेलं गीतांचं पुस्तक. एक लाकडी पंखा.

"काय विसरभोळी माणसं ही," आई स्वतःशीच म्हणाली. चष्मा विसरून माणूस घरी जातोच कसा? तिनं एकेक वस्तू पुसली आणि टोपलीत ठेवली. टोपली दारात ठेवावी, ज्याचं त्यानं ओळखून न्यावं. गावी ती हेच करायची. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी.

तेवढ्यात पेटीवाल्या बाई आल्या. त्या दर शनिवारी उद्याची गीतं वाजवून पाहायला यायच्या. ही पेटी म्हणजे कपाटाएवढी, पायानं हवा भरायची. दोघींची दोन आठवड्यांत मैत्री झाली होती आणि दोघींत मिळून एकही समान शब्द नव्हता. एक वाजवायची, दुसरी पुसायची. सूर ओळखीचा निघाला की दोघी आपापल्या भाषेत गायच्या.

बाईंनी हसून हात केला आणि मग त्यांना टोपली दिसली.

त्यांचा चेहरा उतरला. त्या टोपलीपाशी आल्या, वाकल्या आणि चष्म्याचं घर दोन्ही हातांनी उचललं. बाकांच्या ढिगाकडं पाहिलं, मोकळ्या जमिनीकडं पाहिलं. आईला वाटलं, यांचंच असेल. पण बाईंनी ते पर्समध्ये टाकलं नाही. त्या मोकळ्या जमिनीवर चालत गेल्या, खिडकीपासून चार पावलांवर थांबल्या, मागं-पुढं होऊन नीट जागा धरली आणि चष्म्याचं घर तिथं खाली ठेवलं. रिकाम्या जमिनीवर.

मग त्या परत आल्या आणि हातमोजा घेऊन खांबाकडं गेल्या.

आई फडकं हातात धरून पाहत राहिली. पंखा दाराजवळ. निळ्या फितीचं पुस्तक मधल्या वाटेला. तीस वर्षं पेटीच्या उंच स्टुलावरून सगळं चर्च पाहिलेली बाई होती ती, तिला काही आठवावं लागत नव्हतं. शेवटी टोपी उरली. ती घेऊन त्या पेटीच्या अगदी शेजारी आल्या, खाली ठेवली आणि आईकडं पाहून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझ्या माणसाची. मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटले.

झोपलेत, असं नव्हतं ते. आईला कळलं.

एका क्षणात सगळं चर्च तिला दिसलं. लांबलांब बसलेली माणसं लांब नव्हतीच. खिडकीशी बसणाऱ्याच्या शेजारी त्याची बायको होती. खांबाशी बसणारीच्या शेजारी तिची बहीण असेल, नवरा असेल. मधली गेलेली माणसं आणि त्यांच्या शेजारची जिवंत माणसं, अशी मिळून मंडळी भरलेली होती. आणि आपल्या पोरानं, चांगल्या मनानं, बापाचं ऐकून, त्या सगळ्यांना उठवलं होतं.

आई लग्नानंतर एकतीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसली नव्हती. पाळक समोर उभा, पाळकीण बाकावर. तो निवृत्त झाला तेव्हा कुठं दोघं तिसऱ्या बाकावर शेजारी शेजारी बसली, सहा वर्षं. तो गेला आणि दुसऱ्याच रविवारी शेजारीण त्या जागेवर येऊन बसली, तिचा हात हातात घेऊन. तिथं तसंच करतात. एकटं माणूस उघडं पडू द्यायचं नाही. तिला त्याचं बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. पण ती जागा नेमकी कुठं होती, हेही ती त्या दिवसापासून विसरत चालली होती, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

ती पेटीपाशी गेली आणि बाईंचा हात धरला. दोघी रडल्या, थोड्या, म्हाताऱ्या बायका रडतात तशा, डोळे पुसायला एकच फडकं आणि तेही धुळीचं.

*

"कुणी पाय देऊ नका," आईनं दारातच बजावलं. "जिथं काही ठेवलंय तिथं पाय देऊ नका."

दोघे भाऊ आणि सून भिंतीला धरून आत आले. जमिनीवर चष्म्याचं घर, मोजा, पंखा, पुस्तक, टोपी. पेटीवाल्या बाई सांगत होत्या आणि धाकटा ते मराठीत करून सांगत होता.  तिसऱ्या वाक्याला तो मटकन बाकावर बसला.

"हा चष्मा कुणाचा?" सुनेनं विचारलं.

"घड्याळजींच्या बायकोचा. नऊ वर्षं झाली तिला जाऊन."

सून खिडकीपासूनची पावलं मोजत होती. डाव्या हाताला खिडकी, मग घड्याळजी, मग... "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी तिथं बसले होते. पहिल्या रविवारी. ते उठून उभे राहिले सबंध वेळ. मला वाटलं, मी शेजारी बसलेली चालत नाही त्यांना. माझा रंग, माझी भाषा... दीड वर्ष मला तेच वाटतंय."

"मला बोलली नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता त्या दिवशी."

पेटीवाल्या बाईंनी काय झालं ते विचारलं, धाकट्यानं सांगितलं. बाईंनी तोंडावर हात धरला, मग भराभरा बोलल्या. धाकटा थांबून थांबून सांगू लागला. "त्या म्हणतात, त्याच दिवशी घड्याळजींनी त्यांना विचारलं होतं, त्या मुलीला वाईट तर वाटलं नसेल ना? तिला उठ म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून मीच उठलो."

सुनेनं तोंड फिरवलं. दीड वर्षं जपून ठेवलेला राग हातातून असा काढून घेतला गेला की काय करावं तिला सुचेना.

"पण बाई," धाकट्यानं त्यांच्या भाषेत विचारलं, "मी बाक ओढत होतो तेव्हा कुणीच का नाही सांगितलं?"

बाई जरा हसल्या. उत्तर छोटं होतं. त्यानं ते सगळ्यांना सांगितलं, मान खाली घालून. "म्हणतात, तुम्ही किती खूश होता त्या दिवशी."

 मग थोरला बोललाच, कारण गप्प बसणं त्याच्या पत्रिकेत नव्हतं.

"ठीक आहे. चूक कळली. पण चूक कळली म्हणजे निस्तरली, असं होत नाही. बाक लावले म्हणून तेरा माणसं उद्या धावत येतील कशावरून?"

"नाही आली तर नाही आली," आई म्हणाली. "बाक तरी जागच्या जागी असतील."

"म्हणजे तू काल त्या बाजूला, आज ह्या बाजूला?"

"काल मला ठाऊक नव्हतं, आज ठाऊक आहे. माणसानं शहाणं व्हायचं नाही का, तू कारखान्यातून परवानगी देईपर्यंत?"

सुनेला हसू आलं. थोरल्याला नाही.

तो चिडून मागं वळला आणि त्याची नजर जमिनीवर गेली. लाकडाची जमीन. लाकूड म्हटलं की थोरल्याचं डोकं आपोआप वेगळं चालतं. तो गुडघ्यावर बसला, हातानं धूळ सारली. मग खिशातली मापपट्टी काढली. परदेशातही खिशात मापपट्टी! जित्याची खोड ती.

"इकडं ये," तो म्हणाला.

"काय?"

"ये म्हणतो ना. ही बघ फिकट पट्टी. पन्नास-साठ वर्षं इथं पाय होते बाकाचे, ऊन पोहोचलं नाही, पॉलिश मूळचं राहिलंय. इथं एक, तिथं दुसरा. प्रत्येक बाकाची सही आहे जमिनीवर." त्यानं पट्टी परत आत जाऊ दिली, टक् करून. "अंदाजे लावू नका. लावायचे तर जिथले तिथं लावू. बूट काढा सगळ्यांनी. आणि धाकट्या, तू खालची बाजू धर, नेहमीसारखी."

दुपारभर ते बाक वाहत होते. अस्सल जुनं लाकूड, एकेक बाक म्हणजे बैल. पेटीवाल्या बाई नुसत्या बोटानं दाखवायच्या, थोरला मापायचा, सून फळ्या पुसायची, आई वस्तू ज्याच्या त्याच्या फळीवर ठेवायची. सातव्या बाकापाशी दोघे भाऊ टेकले.

थोरला घाम पुसत होता. तो इथं भावाला न्यायला आला होता आणि भावाला इथंच रोवणारं काम स्वतःच्या हातांनी करत होता. त्याला ते कळत होतं. त्याला हेही कळत होतं की पंच, चर्च, बाबांचं नाव, हे सगळं खरं असलं तरी पुरतं खरं नव्हतं.

"तुला सांगू का," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून घरात भांडायला कुणी उरलं नाही. बायको ऐकून घेते, मुलं मोबाइल बघतात, आई 'बरं बाबा' म्हणते. तू असलास की निदान उलट बोलतोस."

धाकट्यानं त्याच्याकडं पाहिलं. दादा असं बोलल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं.

"मला थांबायचंय, दादा," तो म्हणाला. "दीड वर्ष मी या माणसांना थंड म्हणत आलो. घरी पत्रं लिहिली तशी. आता लगेच निघालो तर तेच खरं ठरवून निघाल्यासारखं होईल."

"ते मला मघाशीच कळलं. बाकावर मटकन बसलास तेव्हा. पण तुझ्या एकट्याचं चालत नाही. तिला विचारलंस?"

सून पलीकडं फळी पुसत होती. तिला ऐकू गेलं होतं. "उद्या सांगते," ती म्हणाली आणि पुसत राहिली.

*

रविवारी धाकटा उपदेशाच्या जागी उभा राहिला तेव्हा दहाला दहा मिनिटं होती. समोर सगळे बाक लांबच लांब पसरले होते, पहिल्या दिवशी पाहिले तसे. तेव्हा त्याला ते ओसाड वाटले होते.

नेहमीची सहा जणं आली. आत येताच थांबली, बाकांकडं पाहिलं, आणि चौफेर पांगली. बाईंनी काल घरोघर फोन केले असणार. पाठोपाठ एक आजी आल्या, हातमोज्याच्या शेजारी बसल्या आणि फळीवरच्या मोज्यावर हात ठेवून राहिल्या. मग एक जोडपं. मग कुणी नाही. नऊ. धाकट्यानं मान्य करून टाकलं. तीन महिने लागतील, वर्ष लागेल, काहींचं मन कधीच वळणार नाही.

दहाला पाच कमी असताना घड्याळजी आले. टोपी हातात, बुटांना पॉलिश. ते आपल्या बाकापाशी गेले, फळीवर चष्म्याचं घर पाहिलं, एका बोटानं जरासं डावीकडं सरकवलं. नेमकं तिथं, जिथं ते असायला हवं होतं. टोपी खिडकीकडच्या बाजूला ठेवली, पण बसले नाहीत. वळून शोधू लागले.

सून मागच्या भिंतीशी उभी होती. कुठं बसावं हे तिचं ठरत नव्हतं. आता प्रत्येक रिकाम्या जागेची तिला भीती वाटत होती. घड्याळजी तिच्यापर्यंत चालत गेले, सावकाश, म्हाताऱ्या गुडघ्यांनी. काहीतरी बोलले. धाकट्याला इतक्या दुरून ऐकू आलं नाही. त्याला एवढंच दिसलं की ते तिला घेऊन आले, चष्म्याच्या समोरच्या जागेकडं बोट करून मानेनं सांगितलं, ही माझ्या बायकोची. आणि मग आपली टोपी उचलून खिडकीकडची बाजू मोकळी केली. दुसरी बाजू. ती कुणाचीच नव्हती.

सून बसली. घड्याळजी बसले. दोघींच्या मध्ये, एक असलेली आणि एक नसलेली. तिनं डोळे टिपले आणि समोर नवऱ्याकडं पाहून मान हलवली. हो. एवढंच. थांबायचं, हे तिचं उत्तर आलं होतं.

आई तिसऱ्या बाकावर होती. तो बाक कुणाचा नाही, हे तिनं पेटीवाल्या बाईंना खुणेनं विचारून घेतलं होतं. ती मधोमध न बसता कडेला बसली. मग तिनं पिशवीत हात घातला. काळ्या कापडी वेष्टनातलं पुस्तक धाकट्यानं दुरून ओळखलं. लहानपणी हट्ट करून करून त्यानं ते हाताळलेलं होतं. आईनं ते उघडलं नाही. समोरच्या फळीवर ठेवलं. स्वतःच्या समोर नाही, शेजारच्या रिकाम्या जागेसमोर.

थोरला शेवटी आला. तो दार बंद करून घाईघाईनं आत शिरला आणि सवयीनं आईला खेटून बसायला गेला. आईनं बाकावर हात आडवा धरला.

"तिथं नको," ती म्हणाली. शांत चर्चमध्ये मराठी शब्द सगळ्यांना ऐकू गेले, कळले फक्त तिघांना. "तिथं बाबा आहेत. पलीकडं बस."

थोरला तसाच वाकून उभा राहिला. त्यानं आईकडं पाहिलं, मग फळीवरच्या पुस्तकाकडं.  तो बाकामागून वळसा घालून गेला आणि रिकाम्या जागेच्या पलीकडं बसला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून पंचांचं पत्र काढलं, चार घड्या केल्या, हात लांब करून ते बाबांच्या पुस्तकात घातलं आणि पुस्तक परत होतं तसं ठेवलं. मग रुमाल काढून त्यानं नाक शिंकरलं, कारखान्यात शिंकरतो तसं, मोठ्यानं.

पेटीवाल्या बाईंनी पायांनी हवा भरायला सुरुवात केली. सगळे वाट पाहत होते. सवयीनं धाकट्याचे दोन्ही हात वर आले होते, पुढे सरका म्हणायला.

त्यानं हात खाली घेतले आणि गीताचा आकडा सांगितला.